पिस्तूल अडकतं कुठे आणि का: भरवशाने हाताळण्याचं सविस्तर मार्गदर्शन

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल ऐन वेळी अडकलं की माणूस आधी पिस्तुलाला दोष देतो. प्रत्यक्षात चांगल्या बनावटीचं पिस्तूल मुळातच सदोष असणं दुर्मीळ आहे. दोष बहुतेक वेळा मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या, काडतुसं भरायच्या डब्यात) असतो, काडतुसात असतो, हाताच्या पकडीत असतो, नाहीतर राहून गेलेल्या साफसफाईत असतो. या चारांपैकी नेमका कुठे, ते अडथळ्याचं रूप बघूनच बरंचसं ओळखता येतं. छंद म्हणून रेंजवर जाणाऱ्यालाही हे कळलं पाहिजे, आणि स्वसंरक्षणासाठी परवान्याचं शस्त्र बाळगणाऱ्याला तर त्याहून जास्त. पुढचं सगळं मुख्यतः ९ मिमी सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाबद्दल आहे. रिव्हॉल्व्हरबद्दल नंतर थोडं. नुसतं वाचून हात बसत नाही. पहिल्यांदा भरलेलं पिस्तूल हातात घ्याल तेव्हा शेजारी प्रशिक्षक असायलाच हवा.

चार नियम आणि रिकामं करण्याचा क्रम

प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं धरून हाताळायचं. ज्याला गोळी लागलेली चालणार नाही त्याच्याकडे नळीचं तोंड कधीच वळू द्यायचं नाही. नेम लागून फायर करायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरवर न्यायचं नाही. आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे आणि आजूबाजूला काय आहे, हे नक्की माहीत असल्याशिवाय फायर करायचं नाही. हे नियम एकमेकांना धरून आहेत. चुकून एक मोडला तरी बाकीचे पाळले असतील तर सहसा कुणाला इजा होत नाही. दोन एकदम मोडले की होते.

मोडतात ते बहुधा दुसरा आणि तिसरा, आणि तेही नेम धरताना नव्हे. पिस्तूल अडकलं की सगळं लक्ष त्या अडकलेल्या पुंगळीकडे, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचाकडे, जातं, हात नकळत आडवा होतो आणि नळी शेजारच्या लेनकडे वळते. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागे-पुढे सरकणारा भाग, जड वाटली की जोर लावताना बोट ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) शिरतं. म्हणून बोटाला ठरलेली जागा द्या: गार्डच्या वर, फ्रेमच्या (स्लाइडखालच्या सांगाड्याच्या) कडेला, सरळ आणि ताणलेलं. गार्डच्या कडेवर टेकवलेलं बोट माणूस दचकला की आत घसरतं. फ्रेमवर उंच ठेवलेलं घसरत नाही.

पिस्तूल रिकामं करताना क्रम चुकला तर जीव जाऊ शकतो, म्हणून इथे थोडं थांबू. नळी सुरक्षित दिशेला, बोट फ्रेमवर. आधी मॅगझिन बाहेर काढा आणि बाजूला ठेवा. मग स्लाइड पूर्ण मागे ओढा, चेंबरमधलं (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतलं) काडतूस बाहेर पडू द्या, आणखी दोनदा ओढा, आणि शेवटी स्लाइड मागे अडकवून ठेवा. आता तीन जागा बघा: चेंबर, मॅगझिनची रिकामी खोबण, आणि स्लाइडचा तो सपाट भाग ज्याला पुंगळीची बैठक टेकते. बघून झालं की करंगळीचं टोक चेंबरच्या तोंडात घालून चाचपा. अंधारात हाच एक उपाय उरतो, म्हणून उजेडातही ती सवय ठेवा.

क्रम उलटा झाला तर काय होतं ते लक्षात घ्या. आधी स्लाइड ओढली की चेंबरमधलं काडतूस उडून जमिनीवर पडतं. ते बघून माणसाला वाटतं, झालं रिकामं. पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं दुसरं काडतूस चेंबरमध्ये बसवून गेलेली असते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी पिस्तूल भरलेलंच आहे. ‘रिकामं होतं’ असं म्हणत झालेल्या कितीतरी अपघातांची मुळं इथेच सापडतात. शिवाय मॅगझिन काढल्यावर ट्रिगर निकामी करणारी सोय काही पिस्तुलांत असते, काहींत नसते. तिच्यावर विसंबू नका.

एका फायरमध्ये काय घडतं

अडथळा ओळखायचा तर आधी सुरळीत चक्र डोळ्यांसमोर हवं. फायरिंग पिन प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या तळाशी असलेल्या पेटवणाऱ्या टोपीवर, आदळते, दारू पेटते आणि वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो. हाच दाब पुंगळीतून स्लाइडला मागे ढकलतो. बहुतेक ९ मिमी पिस्तुलांत नळी आणि स्लाइड एकमेकींत गुंतलेल्या असतात. काही मिलिमीटर दोघी मिळून मागे जातात, मग नळीचं मागचं टोक खाली उतरतं आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. एक्स्ट्रॅक्टर नावाची आकडी पुंगळीची कडा पकडून तिला चेंबरमधून ओढून काढते. पुंगळीची दुसरी बाजू इजेक्टरवर आपटते आणि ती स्लाइडच्या खिडकीतून बाहेर फेकली जाते. स्लाइडने दाबलेली रिकॉइल स्प्रिंग तिला परत पुढे ढकलते, ती मॅगझिनमधलं वरचं काडतूस घासत उचलते, उतारावरून चेंबरमध्ये सरकवते, आणि नळी पुन्हा वर येऊन बंद होते. हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं.

म्हणजे स्लाइडला दोन गोष्टी हव्यात: मागे जायला पुरेसा जोर आणि पुढे यायला मोकळी वाट. गोळीचा जोर कमी पडला, पकड ढिली पडली किंवा घर्षण वाढलं, की चक्र मध्येच तुटतं. कुठे तुटलं ते बघितलं की कारण सापडतं.

पकड

नवशिक्याच्या हातातलं पिस्तूल अडकतं आणि तेच पिस्तूल प्रशिक्षकाच्या हातात मॅगझिनभर सुरळीत चालतं, हे रेंजवर नेहमी दिसतं. कारण मनगट. स्लाइड मागे जाताना फ्रेम जागेवर राहिली तरच स्लाइडचा फ्रेमवरचा प्रवास पूर्ण होतो. मनगट ढिलं असेल तर फ्रेमही मागे आणि वर जाते, स्लाइडला जायला पुरेसं अंतर मिळत नाही, आणि पुंगळी नीट बाहेर फेकली जात नाही किंवा पुढचं काडतूस उचललं जात नाही. हलक्या पॉलिमर फ्रेमच्या, छोट्या पिस्तुलांत हे जास्त होतं, कारण तिथे फ्रेमचं स्वतःचं वजन मदतीला नसतं.

पकड अशी घ्या. मुख्य हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण पिस्तुलाच्या मुठीच्या मागे जितकी वर जाईल तितकी वर, पण स्लाइडच्या वाटेत नाही. नळी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात शक्य तितके एका रेषेत. तीन बोटं ट्रिगर गार्डच्या खाली घट्ट लपेटलेली. दुसऱ्या हाताचा तळवा मुठीची उरलेली मोकळी बाजू झाकतो, त्याची बोटं पहिल्या हाताच्या बोटांवरून येतात, आणि दोन्ही अंगठे एकाच बाजूला पुढच्या दिशेने. दुसरा अंगठा पहिल्याच्या मागून आडवा टाकू नका. स्लाइड मागे येताना त्याच्या सांध्याची कातडी सोलून काढते. जोर कुठला जास्त? दुसऱ्या हाताचा. मुख्य हात फार आवळला की तर्जनीसुद्धा आखडते आणि ट्रिगर सरळ मागे येत नाही.

अंगठ्यामुळे होणारा आणखी एक दोष सहज नजरेतून सुटतो. मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडकत नसेल तर बहुतेक लोक मॅगझिनच्या स्प्रिंगवर संशय घेतात. आधी आपला अंगठा बघा. तो स्लाइड स्टॉपच्या, म्हणजे स्लाइड मागे अडकवणाऱ्या, खटक्यावर टेकलेला असतो आणि त्याला वर उठू देत नाही. उलट अंगठा खालून खटक्याला वर ढकलत असेल तर मॅगझिनमध्ये काडतुसं असतानाच स्लाइड मध्येच अडकते. दुसऱ्या माणसाने त्याच पिस्तुलाने फायर केलं आणि दोष नाहीसा झाला, की निदान पक्कं.

मॅगझिन

चार संशयितांत पहिला नंबर मॅगझिनचा. वरच्या दोन वळलेल्या पट्ट्या, ज्यांना ओठ म्हणतात, काडतुसाला ठरलेल्या कोनात धरतात. काँक्रीटवर एकदा पडलेल्या मॅगझिनचा ओठ किंचित वाकला की काडतूस जास्त वर तोंड करतं किंवा लवकर सुटतं, आणि मग अडथळा येतो. तो दर वेळी येत नाही, म्हणून शोधायला कठीण जातो. उपाय सोपा आहे: प्रत्येक मॅगझिनच्या तळावर पक्क्या शाईने क्रमांक टाका. अडथळा आला की क्रमांक लिहून ठेवा. तीनपैकी दोन अडथळे एकाच क्रमांकाचे निघाले तर ते मॅगझिन सरावातही ठेवू नका. वाकलेले ओठ पक्कडीने सरळ करण्याच्या फंदात पडू नये.

मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग बसते ही समजूत सर्वत्र आहे. चांगल्या पोलादाची स्प्रिंग झिजते ती वारंवार दाबली जाण्याने आणि सुटण्याने. एका स्थितीत राहिल्याने फारसं बिघडत नाही. त्यामुळे सरावाची मॅगझिन वेगळी आणि गरजेच्या वेळची वेगळी ठेवा. मॅगझिनच्या आत तेल घालायचं नाही. तेलावर धूळ आणि दारूची काजळी बसून चिखल होतो, शिवाय ते काडतुसांवर उतरतं. तळ काढून आतून कोरडा ब्रश आणि कोरडं फडकं, इतकंच.

मॅगझिन बसवताना तळहाताने ठाम ठोका आणि मग खाली ओढून बघा. नीट न अडकलेलं मॅगझिन पहिल्या फायरला हलतं, आणि दुसरं काडतूस वर येत नाही. पूर्ण भरलेलं मॅगझिन बंद स्लाइडखाली बसवताना जास्त जोर लागतो; पुष्कळदा ते अर्धवट राहतं ते इथेच.

काडतूस

९×१९ हे काडतूस १९०२ पासून वापरात आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. प्रचलित वजनं ११५, १२४ आणि १४७ ग्रेन, म्हणजे साधारण ७.५, ८ आणि ९.५ ग्रॅम. अमेरिकन उद्योगमानकात याचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) आणि ‘प्लस पी’ छापाच्या जास्त दाबाच्या काडतुसाचा ३८,५०० पीएसआय आहे. पिस्तूल बनवणाऱ्याने प्लस पी चालेल असं लिहिलं नसेल तर वापरू नका.

सरावाची गोळी बहुधा गोल टोकाची आणि पूर्ण धातूच्या आवरणाची असते. ती उतारावरून सहज घसरते. पोकळ टोकाच्या गोळीचं तोंड रुंद आणि बोथट असतं, काही पिस्तुलांत ते उतारावर अडतं. म्हणून ‘माझं पिस्तूल कधी अडकत नाही’ हे विधान कोणत्या काडतुसाबद्दल आहे ते महत्त्वाचं.

भरण्यापूर्वी प्रत्येक काडतूस हातात घेऊन बघा. प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा वर आलेला नसावा. पुंगळीवर चीर, पोचा किंवा हिरवट गंज नसावा. आणि गोळी आत दबलेली नसावी. हा शेवटचा दोष घरात शस्त्र ठेवणाऱ्यांकडे खास आढळतो. रोज रात्री पिस्तूल भरायचं, सकाळी रिकामं करायचं, आणि बाहेर पडलेलं तेच काडतूस पुन्हा वर ठेवायचं, असं चालतं. दर वेळी गोळीचं नाक उतारावर आदळतं आणि गोळी पुंगळीत किंचित आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि तो धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. कळायचं कसं? नव्या डब्यातलं त्याच जातीचं काडतूस आणि हे, दोन्ही सपाट पृष्ठभागावर शेजारी उभी करा. टोकांत फरक डोळ्यांना दिसला तर ते काडतूस वापरायचं नाही. कॅलिपर असेल तर एकूण लांबी मोजा. या काडतुसाची कमाल लांबी २९.६९ मिमी आहे, पण तुलना नेहमी त्याच डब्यातल्या दुसऱ्या काडतुसाशी करा.

अडथळा आला तर

रेंजवर ट्रिगर ओढला आणि नुसतं ‘टक्’ झालं, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा. प्रायमर उशिरा पेटून गोळी थोड्या वेळाने सुटण्याची शक्यता फार कमी असते, पण असते. नंतर पिस्तूल रिकामं करा आणि प्रायमर बघा. त्यावर खोल खूण असेल तर काडतूस खराब. खूण उथळ असेल तर फायरिंग पिनच्या वाटेत तेलाचा चिकट थर, थकलेली स्प्रिंग, किंवा पूर्ण बंद न झालेली स्लाइड. खूणच नसेल तर पिन तुटली असेल, किंवा चेंबरमध्ये काडतूसच नव्हतं.

जिवावर बेतलेल्या प्रसंगात ३० सेकंद नसतात. तिथे ‘टक्’ ऐकल्यावर करायचं ते ठरलेलं आहे: मॅगझिनच्या तळाला तळहाताने ठोका, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा, आणि समोरची परिस्थिती पुन्हा बघा. ठोकणं, ओढणं, बघणं. न बसलेलं मॅगझिन, मेलेलं काडतूस, खिडकीत उभी अडकलेली पुंगळी, या तिन्हींवर हाच उपाय चालतो, म्हणून निदान करत बसावं लागत नाही. तिसरी पायरी गाळू नका. मधल्या क्षणात समोरचा माणूस पळून गेलेला असू शकतो, आणि तेव्हा फायर करण्याचं कारण उरत नाही. स्लाइड ओढताना तिच्या पाठीवरून चार बोटं आणि तळवा यांत धरा आणि झटक्याने सोडा. हाताने धरून हळूच पुढे नेली की ती पूर्ण बंद होत नाही, आणि नवा अडथळा आपणच तयार करतो.

खिडकीत धुराड्यासारखी उभी राहिलेली पुंगळी क्वचित आली तर पकड बघा. पुन्हापुन्हा आली तर एक्स्ट्रॅक्टरखाली साचलेली काजळी, झिजलेला इजेक्टर किंवा कमी जोराचं काडतूस.

सगळ्यात चिवट अडथळा म्हणजे दुहेरी भरणी: चेंबरमध्ये एक पुंगळी किंवा काडतूस आणि त्याच्या मागे दुसरं काडतूस अडकलेलं. ठोकून-ओढून हे सुटत नाही, उलट जास्त घट्ट होतं. इथे पायऱ्या अशा:

१. स्लाइड मागे ओढून स्टॉपवर अडकवा. त्याने मॅगझिनवरचा दाब सुटतो.
२. मॅगझिनचं बटण दाबून ते ओढून काढा. ते आपोआप पडणार नाही, वरचं काडतूस त्याला धरून असतं. तळाला बोटं रोवून खेचा.
३. स्लाइड तीनदा पूर्ण मागे ओढून सोडा. चेंबरमधलं बाहेर पडलं की नाही ते बघा.
४. दुसरं मॅगझिन बसवून ठोका. तेवढं एकच मॅगझिन असेल तर दुसऱ्या पायरीत ते फेकू नका, मुख्य हाताच्या करंगळीखाली धरून ठेवा.
५. स्लाइड ओढून सोडा.

सरावासाठी डमी (दारू आणि प्रायमर नसलेली) काडतुसं वापरून हा अडथळा मुद्दाम तयार करता येतो. डोळे नळीच्या दिशेवर ठेवून हाताने तो सोडवता येईपर्यंत करत राहा.

स्लाइड दोन-तीन मिलिमीटर उघडी राहिली असेल तर वाट अडली आहे: घाणेरडं चेंबर, स्लाइड सरकते त्या फ्रेमच्या सुकलेल्या पट्ट्या, दमलेली रिकॉइल स्प्रिंग, किंवा फुगलेली पुंगळी. स्लाइडच्या पाठीवर तळहाताने एक ठोका पुरे. त्याने बंद झाली नाही तर जोर वाढवू नका, रिकामं करून काडतूस तपासा.

आता एक असा प्रसंग जिथे काहीही झालं तरी पुढचं फायर करायचं नाही. आवाज नेहमीच्या ‘धाड्’ऐवजी ‘पट्’ असा दबका आला, झटका जवळजवळ लागला नाही, कागदावर भोक दिसलं नाही. याचा अर्थ दारू कमी होती किंवा नव्हतीच, आणि प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून तिथेच अडकली असेल. मागून दुसरी गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते. थांबा, रिकामं करा, पिस्तूल उघडून नळी वेगळी काढा आणि आरपार उजेड दिसतो का बघा. दिसला नाही तर गोळी काढण्याचं काम शस्त्र दुरुस्त करणाऱ्याचं. ‘ठोकणं-ओढणं’ इतकं हातात बसलेलं असतं की दबक्या आवाजानंतरही हात आपोआप तेच करतो. म्हणून रेंजवर आवाजाकडे कान हवा. शेजाऱ्याच्या लेनमधून तसा आवाज आला तर मोठ्याने ‘थांबा’ म्हणायला संकोच करू नका.

साफसफाई आणि तेल

मेजावर एकही काडतूस नको; भरलेलं मॅगझिन दुसऱ्या खोलीत. काही पिस्तुलं उघडण्यासाठी ट्रिगर ओढावाच लागतो, म्हणून चेंबर पुन्हा तपासल्याशिवाय हात लावू नका. नळीत सॉल्व्हंटमध्ये भिजवलेलं फडकं मागून, म्हणजे चेंबरच्या बाजूने घाला, पाच-दहा मिनिटं थांबा, कांस्याचा ब्रश आठ-दहा वेळा आरपार न्या, आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसा. चेंबर, उतार, स्लाइडची पुढची सपाट बाजू आणि एक्स्ट्रॅक्टरच्या आकडीखालची बारीक फट जुन्या टूथब्रशने घासा. त्या फटीत काजळी साचली की आकडी पुंगळीला नीट धरत नाही.

तेल कुठे घालायचं हे पिस्तूलच सांगतं. जिथे धातू घासून चकाकतो तिथे एक थेंब: स्लाइडच्या खाचा, फ्रेमच्या पट्ट्या, नळीची बाहेरची बाजू आणि तिचा मागचा वरचा भाग. थेंब बोटाने पसरवा. वाहून जाईल इतकं घालू नका. फायरिंग पिनच्या वाटेत तेल नको. थंडीत ते घट्ट होतं, धुळीत चिकटतं, आणि पिनेचा घाव हलका पडतो. रिकॉइल स्प्रिंग किती फायरनंतर बदलायची ते निर्मात्याच्या पुस्तिकेत असतं. मोठ्या पिस्तुलांत बहुधा ३,००० ते ५,००० च्या आसपास, छोट्यांत त्याहून लवकर.

प्रायमरच्या आणि गोळीच्या शिशाचा अंश हातावर, बाहीवर, केसांत राहतो. रेंजवर खाऊ-पिऊ नका, निघण्यापूर्वी हात आणि चेहरा साबणाने थंड पाण्यात धुवा, आणि ते कपडे लहान मुलांच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. कानांसाठी: पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि एकाच फायरने कायमची इजा होऊ शकते. बंदिस्त रेंजवर कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. डोळ्यांना चष्मा, आणि गळ्याशी बंद कपडे. उघड्या गळ्यात गरम पुंगळी शिरली की माणूस पिस्तूल हातात घेऊन उड्या मारतो, आणि नळी कुठेही फिरते.

नेम आणि कोरडा सराव

पिस्तुलाच्या वर नेमासाठी दोन साईट असतात: मागे खाच, पुढे दांडा. मागच्या खाचेत पुढचा दांडा मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत. दृष्टी पुढच्या दांड्यावर स्पष्ट. लक्ष्य थोडं धूसर दिसलं तरी चालतं. यामागचं गणित बघा. दोन साईटमधलं अंतर १५० मिमी असेल आणि पुढचा दांडा खाचेत १ मिमी सरकला, तर ७ मीटरवर गोळी सुमारे ४७ मिमी सरकते, २५ मीटरवर १६७ मिमी. पण पूर्ण पिस्तूल कोन न बदलता १ मिमी हललं तर गोळीही १ मिमीच हलते. हाताच्या थरथरीची चिंता सोडा, दांडा खाचेत ठेवा.

बहुतेक गोळ्या चुकतात त्या ट्रिगरवर. झटक्याच्या अपेक्षेने हात आधीच पिस्तूल खाली दाबतो, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे जमतात. झटक्यात हे लपून जातं. उघड करायचं तर साथीदाराला मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत दोन-तीन डमी कुठेही मिसळायला सांगा. डमीवर ट्रिगर ओढला की नळीने मारलेली बुडी स्पष्ट दिसते. स्पर्धेच्या १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागतो, स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाचा अडीच किलोच्या आसपास. तो हलका करून घेण्याचा मोह टाळा. ताणाखाली बोटांना जोर कळत नाही, आणि तो भार तिथे कारणाने आहे.

घरातला कोरडा सराव रेंजइतकाच उपयोगी, आणि फुकट. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. सगळी काडतुसं खोलीबाहेर, चेंबर तीनदा तपासलेलं, आणि नेम अशा दिशेला जिथे गोळी सुटलीच तर ती थांबेल. साध्या फळीची किंवा पातळ भिंत गोळी थांबवत नाही. स्लाइड ओढा, दांडा स्थिर, ट्रिगर इतका सावकाश की खटका पडताना दांडा हलला नाही. जुन्या .२२ रिमफायर (पिन पुंगळीच्या कडेवर आदळते अशा) शस्त्रांत असं रिकामं खटकावू नका. पिन चेंबरच्या कडेवर आदळते. सराव संपला की ‘संपलं’ असं मोठ्याने म्हणा, लक्ष्याचा कागद काढून टाका आणि मगच काडतुसं आणा. पिस्तूल भरल्यावर ‘आणखी एकदा’ असं मनात येतं, त्या एका क्षणात भिंतीत गोळ्या शिरल्या आहेत.

रिव्हॉल्व्हर

रिव्हॉल्व्हरमध्ये मॅगझिन नाही, म्हणून अडथळे कमी. पण आला तर जागच्या जागी सुटणं कठीण. न जळलेल्या दारूचे कण पुंगळ्या ढकलणाऱ्या चांदणीखाली साचले की सिलिंडर, म्हणजे काडतुसं ठेवायचा फिरता भाग, फिरेनासा होतो. म्हणून पुंगळ्या काढताना नळी आभाळाकडे करा आणि पुंगळ्या ढकलणारा दांडा एकदाच जोरात दाबा, म्हणजे कण खाली चांदणीत न पडता बाहेर जातात. वर आलेला प्रायमरही सिलिंडर अडवतो. मिसफायर झालं, म्हणजे ट्रिगर ओढूनही गोळी सुटली नाही, तर, धोका जिवावर असेल तेव्हा, ट्रिगर पुन्हा ओढणं हाच उपाय. रेंजवर मात्र तेच ३० सेकंद.

भरवसा तपासणं आणि शस्त्र ठेवणं

स्वसंरक्षणासाठीच्या पिस्तुलाबद्दल रूढ ठोकताळा असा: सरावाची २०० काडतुसं आणि गरजेच्या वेळची म्हणून ठरवलेली ५० काडतुसं एकही अडथळा न येता गेली पाहिजेत, आणि ती ५० त्याच मॅगझिनमधून जी भरून ठेवणार आहात. मधे एक जरी अडथळा आला तर कारण शोधा, दूर करा आणि मोजणी शून्यापासून सुरू करा. थोडा सराव एका हाताने, आणि दुसऱ्या हातानेही करा. पकड कमजोर असताना पिस्तूल चालतं का ते तेव्हाच कळतं.

होल्स्टरने, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानाने, ट्रिगर गार्ड पूर्ण झाकलं पाहिजे. पिस्तूल परत ठेवताना घाई करू नका. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी आत गेली की ती ट्रिगर ओढते. अंधारात लक्ष्य ओळखायला वेगळी टॉर्च हातात हवी. पिस्तुलावर बसवलेला दिवा एकटाच असेल तर जे बघायचं त्याच्यावर नळी रोखावी लागते, आणि ते घरातलंच माणूस असू शकतं. ९ मिमी गोळी आतल्या पातळ भिंतींतून आरपार जाते, त्यामुळे कोण कुठल्या खोलीत झोपतं हे आधी माहीत असावं. कायदा देशागणिक वेगळा आहे, आणि तो शस्त्र घेण्यापूर्वी वकिलाकडून समजून घ्या. पण जिवाला तत्काळ धोका आणि निसटायला वाट नाही, याखेरीज फायर करण्याचा विचारही करू नये.

घरात मुलं असोत वा नसोत, अंगावर नसलेलं शस्त्र कुलपात. कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा गादीखाली लपवलेलं पिस्तूल मुलांना सापडतं. चटकन उघडणारी, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने जखडलेली पेटी घ्या, तिची बॅटरी सहा महिन्यांनी बदला, आणि जादाची काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. पेटीत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका आणि महिन्यातून एकदा पिस्तूल काढून पुसा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल घालून पेटीत ठेवू नका: चामडं ओल धरतं, पोलादावर गंजाचे ठिपके येतात, आणि चामड्याच्या पट्ट्यात ठेवलेल्या पितळी पुंगळ्यांवर हिरवा थर चढतो, जो काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसू देत नाही.